बाईंच्या भिंतीत काय काय निघालं

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. मामींचा खोकला थांबला का आणि तुमचं ब्लडप्रेशर कुठवर आलं, ते आकड्यासकट कळवा (प्रेशरच्या आकड्यांत मला हल्ली फार गोडी वाटू लागली आहे, कारण पुढे येईलच). इकडे आम्ही खुशाल आहोत, फक्त ओले आहोत. पत्रात कुठे शाई पसरलेली दिसली तर भाचा रडत होता असं मामींना सांगू नका. बाही पिळायची राहून गेली होती, एवढंच.

चष्म्याचं दुकान बंद झालं हे तुमच्या कानावर आलंच असेल. एकोणीस वर्षं काचा पुसल्यावर माणसाला दुसरं काय येणार, म्हणून मी पुसण्याच्याच धंद्यात राहायचं ठरवलं, फक्त वस्तू मोठ्या घेतल्या. लोकांच्या घरी जाऊन अंगणं, जिने, भिंती पाण्याच्या प्रेशरने धुऊन द्यायच्या. त्याचं यंत्र मिळतं. दोन चाकांवर पंप, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला बंदूक आणि बंदुकीच्या तोंडाला लावायच्या वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या. पांढऱ्या टोपीतून पाणी पंख्यासारखं पसरतं, लालमधून सुईसारखी सरळ धार येते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की लाल टोपी नवशिक्याने वापरू नये. (ते वाक्य वाचेपर्यंत मला लाल टोपीबद्दल काहीही वाटत नव्हतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.) तुमच्या भाचेसुनेने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि घरातली कुठलीही वस्तू धुवायची नाही, एवढी एकच अट घातली.

म्हणून सराव मागच्या पायऱ्यांवर केला. तिथली फरशी काळी. म्हणजे ती काळीच असते अशी आम्हा सगळ्या भाडेकरूंची समजूत होती. धार फिरवली आणि खालून विटकरी रंग वर आला. मामा, हातातली बंदूक खाली ठेववेना. पुढच्या फरशीखाली काय असेल, तिच्या पुढच्या फरशीखाली काय असेल (तोच विटकरी निघत होता, तरी बघावंसं वाटे). या नादात छतावरची टाकी कधी रिकामी झाली ते कळलं नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्या वेळी डोक्याला साबण लावून उभे होते. ते तसेच टॉवेलवर खाली आले, माझ्या दोन पिढ्यांचा उद्धार केला आणि तिसरीकडे वळता वळता त्यांची नजर पायऱ्यांवर गेली. नऊ वर्षं आपण याच पायऱ्या चढतोय, असं पुटपुटत ते खाली बसले आणि बोटाने फरशी घासून पाहू लागले. साबण डोक्यावर वाळला तरी उठले नाहीत. माझं पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं.

काम त्यांना शाळेत शिकवलेल्या बाईंच्या घरचं. बाई सत्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. मुलगा परगावी. तो येत्या रविवारी घर बघायला येणार आणि आईच्याने आता घर सांभाळणं होत नाही असं त्याला वाटलं, तर घराला कुलूप लावून बाईंना आपल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणार. बाईंना जायचं नाही. अंगणातलं शेवाळ आणि भिंतींवरचे काळे ओघळ तेवढे घालव, बाकीचं मी बोलेन, असं त्यांनी मला फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट सांगितलं. मला फार वाईट वाटलं, कारण आतून घर लख्ख होतं. त्या ओघळांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा. रविवारच्या आत घर नवं करून देतो असा शब्द मी देऊन बसलो.

अंगण उत्तम झालं. (हे वाक्य सावकाश वाचा, पत्रात यापुढे असं वाक्य नाही.) दर्शनी भिंतीलाही मी आधी पांढरीच टोपी लावली होती. पण खिडकीखाली एक पोपडा उडाला आणि बदामी रंगाच्या आत निळा दिसला. निळ्याच्या आत काय आहे हे न बघता घरी जाणारी माणसं असतील, मी त्यांतला नाही. लाल टोपी चढवली. निळ्याखाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली गर्द हिरवा, हिरव्याखाली चुना. मग सगळीकडे असंच आहे का याची खात्री करायला दाराजवळ थोडं पाहिलं, मग कोपऱ्यात पाहिलं, मग दोन्हींच्या मध्ये पाहिलं. बाई चहा घेऊन बाहेर आल्या तोवर भिंतीवर एका हाताएवढीही जागा एका रंगाची उरली नव्हती.

आता कान धरून उभं करतील असं वाटलं. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, चष्मा चढवला (काचा पुसायला झाल्या होत्या, पण मी गप्प राहिलो) आणि भिंतीच्या अगदी जवळ गेल्या. हिरवा त्या या घरात आल्या तेव्हाचा. गुलाबी यजमानांनी न विचारता लावलेला, त्यावरून आठवडाभर अबोला होता. निळा मुलाने हट्टाने निवडलेला. बदामी यजमान गेल्यानंतरचा, आवडला म्हणून नव्हे, दुकानात तोच होता म्हणून. मग त्या म्हणाल्या, "हिरव्याच्या आधी पिवळा होता बघ, घर पहिल्यांदा बघायला आले तेव्हा. त्या खिडकीच्या वर शोध." तेव्हा उरलेली भिंत मी एकट्याने बिघडवली असं म्हणता येणार नाही. पिवळा सापडला नाही.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. बाकी सर्व ठीक आहे हे रिवाज म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही. आज बुधवार. तुम्ही चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलीत, तेव्हा पत्र मिळताच बदामी रंगाचे दोन डबे घेऊन निघा आणि शनिवारी एका दिवसात भिंत उरकून द्या. नाहीतर माझ्या चौकसपणापायी त्या माउलीचं घर सुटेल.

आणखी ता. क. गुरुवार. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. मुलगा न कळवता आजच आला. मी अंगणातच पोपडे झाडत होतो, पळायला वाट नव्हती. तो भिंतीसमोर इतका वेळ उभा राहिला की मी पंपाची दोन्ही चाकं पुसून काढली. मग त्याने निळ्यावर हात ठेवला, हा माझा, म्हणाला आणि आई कुठल्याशा पिवळ्याबद्दल नेहमी सांगायची, तो निघाला का असं विचारलं. (बंदूक मी त्याला दिली नाही, त्याने घेतली.) संध्याकाळपर्यंत उरलेल्या तीन भिंतीही गेल्या. पिवळा नाहीच. जेवताना त्याने कुलपाचा विषय काढला, तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की रंगकाम चालू असताना घर बंद करता येत नाही, रंगारी आतबाहेर करणार, कुणीतरी घरात हवंच. मुलाने विचार केला आणि रंगकाम संपलं की बघू म्हणाला.

तेव्हा मामा, वरची घाई रद्द. आमची एक खोली रंगवायला तुम्ही अडीच महिने घेतले होतेत. तेव्हा आम्ही तुमच्यामागे जे काही बोललो, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. या, आणि अगदी तसंच काम करा. चार भिंतींना तुम्हाला साधारण किती वर्षं लागतील, असं बाईंनी विचारलं आहे.