माशाचे काटे काढणारा सचिव

७ जुलै, सोम.
कोरियन मालिकेचा अकरावा भाग शनिवारी नंदाकडे बघितला, अजून डोक्यातून जात नाही. तरुण खासदारबाई आणि तिच्या वडिलांच्या वेळचा सचिव. तिच्या ताटलीतल्या माशाचे काटे तो काढून देतो, बोलत काहीच नाही. मी शाकाहारी, तरी ते दृश्य दोनदा मागे नेऊन बघितलं. वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतेय. पक्षफूट, बहुमत, सगळं फळ्यावर. पण सत्तेच्या खोलीत कुणीतरी कुणाच्या जेवणाकडे लक्ष देतंय, हे बघायला या वयात बसते. लाज वाटते. कॉलेजात नंदाशिवाय कुणाला माहीत नाही. घरी सांगते, पेपर तपासायला चालले. खोटंच की हे.
आमचा करार: पुढचा भाग एकटीनं बघायचा नाही.
नंदा मूळची अक्कलकोटची. मराठी शिकवते, पण माझ्याशी गावाकडचंच बोलते. "तो सचिव फितूर हाय बघ." शक्यच नाही म्हटलं.

९ जुलै, बुध.
कॉलेज सकाळी सातला केल्यापासून मंद्रूप गावच्या मुली पहिल्या दोन तासांना नसतात. त्यांच्यातल्या अश्विनीला रागावले. "म्याडम, पैली एस्टीच साडेसातला हाय. उडत येऊ का?" वर्ग हसला. मीही. मग ती हळूच म्हणाली, घरचे म्हणत्यात, अर्ध्याच कॉलेजला कशाला जायचं, बस घरी.
ठरवलं. संस्थेच्या समितीवर शिक्षक प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं. वेळेचा विषय तिथेच निघू शकतो. अर्ज शुक्रवारपर्यंत. तोवर गप्प.
फक्त नंदाला सांगितलं, डबा खाताना. माझी दाढ दुखते म्हणून कडक भाकरी ती आमटीत चुरून देते. "उभी राहा की! मी हाय."

११ जुलै, शुक्र.
अर्ज द्यायच्या आधीच प्राचार्यांनी बोलावलं. आवाज गोड. "अकलूजच्या शाखेत राज्यशास्त्राला कुणी नाही. पण तुमच्या सासूबाईंचं आजारपण बघता तुम्हाला पाठवणं जिवावर येतं." मग हसले. "राजकारण कोरियन सिरियलमध्येच बरं, मॅडम."
कोरियन.
खोलीतून बाहेर कशी आले, आठवत नाही.
अर्ज दिला नाही. सासूबाई हे कारण खरं. पण तेवढंच? भ्याले, हेही लिहून ठेवते.

१२ जुलै, शनि.
नं.कडे गेले नाही. तिचाही फोन नाही. दुपारी स्टाफच्या ग्रुपवर: शिक्षक प्रतिनिधी बिनविरोध. नाव नंदाचं. खाली अंगठे, पुष्पगुच्छ. मीही अंगठा टाकला. का टाकला?

१४ जुलै, सोम.
स्टाफरूममध्ये नंदा एकटीच होती.
"तू सांगितलंस?"
"सांगितलं. तुला अकलूजला टाकलं असतं त्यांनी. तुझ्या भल्यासाठीच केलं."
"आणि स्वतःचा अर्ज?"
"कुणीतरी पायजेच की. तुझा वेळेचा विषय मी मांडते ना. मला न्हाय म्हणणार न्हाईत ते."
"मला आधी विचारायचंस."
"ऐकली असतीस व्हय? तत्त्वाचा पुतळा तू."
भाकरी चुरून ठेवली होती तिनं. तशीच राहिली. पुढच्या तासाला खडू दोनदा मोडला.

१६ जुलै, बुध.
करार मोडला. रविवारपासून एकटीच बघतेय, आज पंधरावा झाला. सचिव खरंच फितूर. खासदारबाईला म्हणाला, तुला वाचवायला केलं. मी रडले आणि त्याला लगेच माफही केलं.
तेच वाक्य नं. बोलली तर अंगाची आग होते. का? तो देखणा, बाहेर बर्फ, मागे व्हायोलिन, म्हणून? की त्याच्या फितुरीत माझं काही गेलं नाही म्हणून? नाही, दुसरंच काहीतरी. तो खोलीत एकटा असताना त्याचा चेहरा मला दाखवतात. नं. प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा तिचा चेहरा कसा होता? मला कोण दाखवणार.
अश्विनी आज आलीच नाही.

१९ जुलै, शनि.
सकाळी समितीची बैठक होती. दुपारी नं. दारात, हातात डबा. सासूबाईंनी कौतुकानं आत घेतलं, "ये गं, पेपर तपासायला आलीस का?" दोघींनीही माना डोलावल्या.
बैठकीत काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. वेळेची नोटीस सोमवारी लागेल.
"मी अकराव्यालाच थांबलीय," म्हणाली. "तू?"
"मीपण."
किती सहज बोलले.
बारावा भाग मोबाईलवर लावला, पाण्याच्या तांब्याला टेकवून. सचिव पुन्हा काटे काढत होता. नं. भाकरी चुरत होती. "बघ कसा साळसूद," म्हणाली, "फितूरच हाय तो."
"बघू," म्हटलं.
मोबाईलकडे माझं लक्ष नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं वाटी माझ्याकडे सरकवली, मान वर न करता.