घड्याळजीची बायको

३ मार्च

लाडक्या नणंदबाईस,
भाभीचे सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं मासिक पोचलं. 'तिच्या तोंडून' सदरात माझी हकीकत वाचली. नवऱ्याचं दुकानातून फोन करून तलाक म्हणून मोकळं होणं, माझं माहेरी येणं, सगळं छान उतरलंय. फक्त माझा नवरा घड्याळजी कधी झाला गं? तुझ्या शाळेच्या फ्रॉकपासून सगळं शिवलं ते कोणी? नावं बदलायची पण नवऱ्याचा धंदा खरा छापायचा, नाहीतर पुरुष म्हणतात बनवाबनवी आहे, हा तुझाच नियम. आणि छापण्याआधी प्रत्येक बाईला तिची हकीकत वाचून दाखवतेस, मग मलाच का नाही?

छपाईची चूक असेल तर कळव. निवडणुकीच्या प्रचारात जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी भाभी

७ मार्च

ती. भाभींस,
सलाम वि. वि.

छपाईची चूक नाही. 'शिंपी' हा शब्द मीच खोडला. माझं प्रचार कार्यालय आमच्या भाईंच्या दुकानात आहे, झेंडे तिथेच शिवले जातात. 'शिंपी' वाचून विरोधकांनी एका दिवसात भाईंना ओळखलं असतं. तुमची अब्रू झाकतेय अशी मी स्वतःची समजूत घातली. झाकत होते ती माझी उमेदवारी. तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, म्हणून टाळलं.

पुढचंही लिहायलाच हवं. आमच्या वस्तीत घड्याळजी एकच. लोक त्याच्या बायकोला विचारतात, परत कधी आलीस? त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलाकडचे आता कुरकुरतायत. काल घड्याळजीची बायको कार्यालयात आली. म्हणाली, बाई, तुम्ही बायकांसाठी लिहिता ना, मग मी कोण? मी तिला पाणी दिलं आणि 'बघते' म्हणाले. इतकी वर्षं पुढाऱ्यांच्या ज्या 'बघतो'वर मी अग्रलेख लिहिले, तोच शब्द माझ्या तोंडून सहज निघाला.

पक्षाचे अध्यक्ष म्हणतात, खुलासा मतदानानंतर करा. भाई तर बोलूच देत नाहीत. हकीकत तुमची आहे, तेव्हा मी काय करावं, तुम्हीच सांगा.

तुमची,
बिट्टी

१० मार्च

बिट्टीस आशीर्वाद.

मला विचारतेस कशाला? मी 'थांब' म्हणावं म्हणून? ठरलेलं लग्न तुमच्या मतदानासाठी थांबतं का? शिंपी छाप, आणि तो संपादिकेचा भाऊ हेही छाप. लोक मला काय म्हणतील याची काळजी सोड, त्यांचं म्हणून झालंय. पत्र लिहीत बसू नकोस, छापखान्यात जा.

रागावले आहे, पण तुझीच,
भाभी

२१ मार्च

ती. भाभींस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी खुलाशाचं पत्रक छापून घेतलं आणि स्वतः घरोघर वाटलं. भाईंनी दुकानावरचा माझा फलक उतरवला, अजून बोलत नाहीत.

घड्याळजीने डोळ्याला लावलेलं भिंग न काढता पत्रक वाचलं आणि म्हणाला, काल आला असतात तर बरं झालं असतं. मुलाकडच्यांनी आदल्याच दिवशी नकार कळवला होता. भाभी, मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते ना, तेवढ्यात हे झालं. छापखाना कार्यालयासमोरच आहे. रस्ता ओलांडायला तुमची परवानगी कशाला हवी होती?

आणि मी निवडून आले. तेही भरघोस मतांनी. सख्ख्या भावालाही पाठीशी घातलं नाही, असं लोक कौतुकाने म्हणतात. एका वर्तमानपत्राने माझ्या फोटोखाली 'निर्भीड' असं छापलंय. ते नाकारायचं म्हटलं तर त्यातही नम्रपणाची वाहवा होईल, म्हणून गप्प आहे. हे गप्प बसणं तरी खरं आहे की सोयीचं, मला सांगता येत नाही.

मिरवणूक घड्याळजीच्या दुकानावरून जाणार होती. त्या घराला त्रास नको, असं सांगून मी ती मागच्या गल्लीने वळवली. कार्यकर्ते म्हणाले, ताईंचं मन किती मोठं! ती बाई दारात उभी असेल, एवढीच मला भीती होती.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी असू द्यावा.

तुमची,
बिट्टी