बाबांची आरती आणि सहा ओहम

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय कामाची नोंद ठेवलेली बरी. डिचोलीचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ जयवंत, त्याने नवा सेट घेतला आणि जुना होम थिएटर आमच्या गावी, पार्श्याला, आणून टाकला. एक रिसीव्हर, पाच स्पीकर, एक कॅसेट डेक. जाताना म्हणाला, दत्तप्रसाद, वायरी जोड आणि लाव, बाकी कशाला हात लावू नको. चोवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतोय मी. ओहमचा नियम माझ्याकडे शिकून पोरं इंजिनियर झाली. आणि मला म्हणे हात लावू नको.

४ ऑगस्ट
आईने कपाटातल्या साड्यांखालून एक कॅसेट काढली. वर बाबांचं अक्षर: आरती, चवथ ८८. म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या गणेशचतुर्थीची. मातीच्या घुमटावर ताल धरणारे बाबा, आरती सांगणारेही बाबा. पार्श्यात त्यांच्यासारखं घुमट कुणी वाजवलं नाही. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. आई म्हणाली, तोंड फोटोत आहे रे, पण आवाज आठवेनासा झालाय, कधी कधी मुद्दाम आठवायला बसते आणि तुझाच येतो. मी म्हटलं, चवथीच्या पहिल्या आरतीला अख्ख्या घराला ऐकवतो. शब्द दिला.
कॅसेट आत्ताच लावून बघू, असं सुप्रिया म्हणाली. बायकोला विज्ञान कळत नाही. एकुलती एक कॅसेट, टेप जुनी, उगाच झिजवायची नाही. सेट शंभर टक्के तयार होईपर्यंत कुणी लावायची नाही, असा नियम केला. नव्वद साली टेपरेकॉर्डर बिघडला, तेव्हापासून ती कुणी ऐकलेलीच नाही. त्याआधी ती माझ्याच अभ्यासाच्या मेजावर असायची. म्हणून तर टिकली.

६ ऑगस्ट
गंभीर बाब. स्पीकरच्या पाठीवर ६ ओहम लिहिलंय. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये पर्याय दोनच: ४ किंवा ८. सहा नाहीच. दादाने पाच वर्षं हे आठवर वाजवलं. त्याला विचारलं तर म्हणतो, मी कधी बघितलंच नाही. असली माणसं आमच्यात थोरली.

९ ऑगस्ट, सकाळी ७
रात्रभर विचार केला. एका स्पीकरचे सहा, पाचांचे तीस. तीसला काही अर्थ लागत नाही. सोडून दिलं.

१० ऑगस्ट
उपाय सापडला. सहाचे आठ करायचे! प्रत्येक स्पीकरच्या वायरीत दोन ओहमचा रेझिस्टर. शाळेच्या प्रयोगशाळेतून पाच आणले, परत ठेवणार आहे. साधी बेरीज. कंपनीवाल्यांना का सुचली नाही कोण जाणे.

१२ ऑगस्ट
रेझिस्टर तापतात. जेवणाच्या मेजावरच्या प्लास्टिकला पाच भोकं. सुप्रियाने त्या भोकांवर एकेक उंडो पाव ठेवून नाश्ता दिला. आमच्या सिद्धीने फोटो काढून दादाला पाठवला. नववीतल्या मुलीला फोन देऊ नये, हे मी आधीच म्हटलं होतं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला साईश भेटला. गावातला इलेक्ट्रिशियन, माझाच विद्यार्थी, विज्ञानात काठावर पास. त्याने न विचारता सल्ला दिला. सर, आठवर ठेवा, घरात सहाचे स्पीकर आरामात चालतात, फक्त रिसीव्हरच्या डोक्यावर वारा खेळू द्या. मी विचारलं, ओहमचा नियम सांग. त्याने सांगितला, आणि वर म्हणतो, सर, तापमान स्थिर असेल तर, हे तुम्ही नेहमी विसरायचात, आम्ही पुस्तकात वाचायचो. नम्रता म्हणून काही उरली नाही.

१७ ऑगस्ट
निर्णय: चार. सहाला खालून चार जवळ, वरून आठ जवळ, अंतर सारखंच, पण चारात सुरक्षितता जास्त. घरातली एक जुनी भजनाची कॅसेट लावून पाहिली. आवाज अगदी बारीक. आई शेजारी बसून म्हणाली, लावलंस की सांग.

१८ ऑगस्ट
व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला. आता बरा येतो. रिसीव्हर जरा गरम होतो. चांगल्या वस्तू गरम होतातच. व्हॉल्यूम तिथेच ठेवला, कुणी हलवू नये म्हणून चिकटपट्टी लावली.

२३ ऑगस्ट
आई रोज एकदा विचारते, तयार झालं का. आज विचारलं नाही. नुसती कॅसेट हातात घेऊन बसली होती. तरी नियम तो नियम.

२६ ऑगस्ट
गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधून झाली. सुपाऱ्या, रानातली कवंडळं, नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सगळं लटकलं. खाली गणपती, बाजूला रिसीव्हर. उघडा डबा शोभत नाही म्हणून त्यावर सुप्रियाचा काझारातला, आमच्या लग्नातला, जरीचा शेला चौपदरी घालून वर समई ठेवली. सौंदर्यदृष्टीही लागते. साईश वीज जोडायला आला होता, शेल्याकडे बघत राहिला. मी त्याला बोलायची संधी दिली नाही.

२७ ऑगस्ट, चवथ, दुपारी १२
दादा सहकुटुंब हजर. शेजारीपाजारी झाडून आले, बाबांची आरती ऐकायला. काही जण बाहेर बाल्कांवात, ओसरीवर उभे. आईने बाबांनी घेतलेली हिरवी साडी नेसलीय. इतिहास घडणार.

२७ ऑगस्ट, दुपारी ३
शांतपणे लिहितो.
सुरुवातीला चाचणी म्हणून भजन लावलं. चार मिनिटांत रिसीव्हर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी लोकांना इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विरोध, समजावून सांगत होतो तेवढ्यात साईश पुढे झाला, समई उचलली, शेला काढला, पंखा वळवला, रिमोटवर काहीतरी दाबलं. म्हणाला, आठवर केलं सर, आता लावा. दहा सेकंदही लागले नसतील. आईनेच कॅसेट घातली. तिला घाई झाली होती.
व्हॉल्यूम चारच्या हिशेबाने शेवटाला होता. चिकटपट्टीसकट.
पाची स्पीकरांतून, पार टेकडीवरच्या काजूंपर्यंत जाईल असा, एका पोराचा फुटका आवाज आला. करंट इज डायरेक्टली प्रपोर्शनल टू व्होल्टेज. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिन्ही वेळा तापमान विसरला. साईशने जमिनीकडे बघितलं.
तो पोर मी. नववीची परीक्षा. पाठांतरासाठी एखादी कॅसेट वापरली असावी, असं अंधुक आठवतं. कुठली, ते आठवत नव्हतं.
दादा म्हणाला, आरती कुठेय. मी म्हटलं, पुढे असेल. आईकडे बघायची हिंमत झाली नाही.
आणि मग टेपमध्ये मागून दार वाजलं आणि बाबा आईला हाक मारून बोलले. शेवंती, आरतीची कॅसेट खंय गो? ह्या गाढवाक विचार.
त्यावर माझा आवाज, माइकच्या अगदी जवळून: माका खबर ना. मला ठाऊक नाही म्हणे.
खट्‌. पुढे सगळी खरखर. दुसरी बाजूही मीच, भूगोल.
घर हसून हसून आडवं झालं. आई हसली नाही. म्हणाली, परत लाव.

२८ ऑगस्ट
काल रात्री आईची माफी मागितली. आरती पुसली मी, आणि वर ती माझ्यामुळेच टिकली असा टेंभा मिरवला. तिने मला शेजारी बसवलं. म्हणाली, आरतीत ते देवाचं नाव घ्यायचे, ह्यात माझं घेतलंय. चारचौघांत कधी घेतलं नाही त्यांनी.
आज जो दर्शनाला येतो त्याला आई ते ऐकवते. सिद्धीने नेमकी जागा शोधून दिलीय. सकाळपासून अकरा वेळा मी गाढव ठरलो आणि अकरा वेळा खोटं बोललो. आवाज मात्र अगदी स्वच्छ येतो.
रिसीव्हर आठवर आहे. मी हात लावलेला नाही.