टोपीवाल्याचं सुतक

१३ ऑक्टो. ५६, शनि.
भोपाळची ऑर्डर आली. अख्खं दफ्तर तिकडे. महिनाअखेर हजर व्हायचं. नानांना सांगितलं. म्हणाले, "तुम्ही जा. मी हे लष्कर शहर सोडणार नाही." रियासत विलीन झाली, त्यांची दरबारची नोकरी गेली, तेव्हापासून माणूस हसलेला नाही. वडिलांना असं एकटं टाकून जाऊ? डोकं भणभणतंय.

१६, मंगळ.
टोपीवाला वारला! पेपरात आहे. (नाव नानांनीच ठेवलेलं. सिनेमाभर त्याची टोपी डोक्यावर टिकत नाही.) नाना उठले नि अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली बसले. सुतकाचं स्नान, चक्क नटासाठी! शेजारच्या काकूंनी बघितलं. दुपारी पिठलंभात घेऊन हजर. "कोण गेलं हो?" सौ. काय सांगणार, कपाळ? म्हणाली, "लांबचे होते." नाना मुकाट्याने पिठलंभात जेवले. कमाल आहे बुवा.

२१, रवि.
टोपीवाल्याचा जुना सिनेमा परत लागलाय, इंदरगंजजवळ. नाना पगडी घालून तयार. दारात काकू: "अगं बाई, सुतकात सिनेमा?" नाना: "त्यालाच भेटायला चाललोय."
काय नट होता! खोटा वैद्य झालाय. स्वतःची नाडी बघतो, सापडत नाही. चेहरा ढिम्म. नुसती बोटं सरकवतो, मनगटावरून कोपरापर्यंत. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे जिंदा है तू, जिंदा है!" मग टाळ्या. आणि नाना हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो. फार बरं वाटलं.

२४, बुध.
नाना रोज जातात, एकटेच. आज जेवताना सौ.ची नाडी बघितली, तश्शीच! तिच्या हातची पोळी तव्यावर करपली. संधी साधून म्हटलं, "नाना, चला ना भोपाळला." "बघू." नाही म्हणाले नाहीत. मी पुढे बोललो नाही, उगाच बिनसायचं.

२५, गुरु.
सिनेमा आज उतरतोय. उद्या सकाळी गाडी. नाना तीनच्या खेळाला गेलेत, जाताना काही बोलले नाहीत. सामान बांधून झालं, फक्त त्यांची वळकटी राहिलीय. सौ. दोरी घेऊन उभी. "बांधू, की अंथरूण परत घालू?"
म्हटलं, थांब. येऊ देत त्यांना.
खेळ सुटला असेल एव्हाना. ती अजून उभीच आहे.