एकेचाळीस गाण्यांची शेवटची ओळ

पुलगावच्या रेल्वे चाळीत फर्नांडिस गार्डाने १९२६ साली फोनोवर पहिली प्लेट लावली, तेव्हा तिच्यातून निघालेला क्लॅरिनेटचा घसरता सूर, रडता रडता मध्येच हसू फुटावे तसा, मला आज एकतीस वर्षांनीही जसाच्या तसा ऐकू येतो. यावरून माझे चित्त ठिकाणावर असल्याची वाचणाऱ्याने खात्री करून घ्यावी. मी घनश्याम नारायण भोयर, वय चौसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पुलगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात छातीत पाणी झाले आहे. त्यामुळे अक्षर वळणदार नाही, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हसू नये.

कलम १. दोन खोल्यांचे घर मुलगी सुलोचना, हल्ली राहणार कारंजा, हिला द्यावे. मागची भिंत ओल धरते. तिची आई कै. कमलाबाई पहिल्या वर्षापासून सांगत होती. मी तेव्हा चाली बसवत होतो.

कलम २. कवितांची सर्व पुस्तके शाळेला. अट एकच, कविता पोरांकडून आधी म्हणून घ्यावी, अर्थ मागाहून सांगावा. चाळीस मुले एका सुरात डोलत कविता म्हणू लागली की खिडकीबाहेरची बैलगाडीसुद्धा थांबे. ते दिवस कोणाच्या नावे करून देता येत नाहीत.

कलम ३. फर्नांडिस साहेब बदलीवर जाताना मला देऊन गेले ते क्लॅरिनेट पुतण्या हरिदास याला. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि फार सरळ वाजवतो. बाबा रे, वरातीत एखादा तरी सूर घसरू देत जा.

कलम ४. अण्णाजी लोणकर यांनी माझ्या अंत्ययात्रेत ढोलकी वाजवू नये. त्यांची लय धावते. दुसरे कारण पुढील कलमात आहे. ते या कागदाचे साक्षीदार असून समोरच बसले आहेत.

कलम ५. गाणी. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले.

कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी आणि साहेबांच्या प्लेटींवरचा जॅझ यांची गाठ मारून मी एकेचाळीस गाणी केली. शब्द माझे, चाली माझ्या. गायली धुरपताने. ती गिरणीत कामाला होती. तिचा गळा क्लॅरिनेटच्या मागे मागे जाई आणि ऐन वळणावर त्याला गाठी. लोक आधी म्हणत, हे गाणे लंगडते. मग तेच लोक तीन-तीन कोसांवरून ऐकायला येत. मी पडद्यामागून वाजवी. मास्तर गाण्याच्या पार्टीत आहे हे वर कळते, तर नोकरी गेली असती.

आमच्याकडे शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचे नाव येते. मी भीतीपोटी एकेचाळीसही गाण्यांत 'धुरपता म्हणे' असे घातले. तिने तेव्हाच हटकले होते, "मास्तर, हे माह्यं नाई. लोकं इचारतीन तं काय सांगू?" मी म्हणालो, तुझंच सांग. तिने वीस वर्षे तसेच सांगितले.

१९४६ साली ती भावाकडे नागपूरला निघून गेली. भांडण झाले नाही. मी थांब म्हणालो नाही, एवढेच.

नोकरी संपल्यावर कारंज्याच्या जत्रेत मी पडद्यापुढे आलो आणि शेवटच्या ओळीत स्वतःचे नाव घालून गायलो. गर्दीतून एकजण म्हणाला, "मास्तर, म्हातारपनी बाईचं गानं काऊन चोरून राह्यले?" सगळे हसले. ढोलकीवर बसलेले अण्णाजीही हसले. खरे काय ते त्यांना ठाऊक होते. त्यानंतर मी गायलो नाही.

सबब, गाण्यांची वही मी धुरपताच्या नावे करतो. कागदोपत्री ती तिचीच आहे. उलट सांगायला माझ्याजवळ पुरावा नाही. तिचा पत्ता मला ठाऊक नाही. ती सापडल्यास तिने एकदा, एका माणसाजवळ तरी, हे मास्तरांनी लिहिले असे म्हणावे. बळजबरी नाही.

वाचून, समजून, खाली सही केली.

घनश्याम नारायण भोयर
साक्षीदार: अण्णाजी लोणकर (कलम ४ वाचले. कबूल.)
साक्षीदार: बापूराव झाडे, पोस्टमास्तर
पुलगाव, जिल्हा वर्धा. रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

सह्यांनंतर लिहितो. बापूराव शाई टिपत असताना दारात पांढरे लुगडे नेसलेली एक बाई येऊन उभी राहिली. केस पार पिकलेले. बोलली तेव्हा ओळखले. धुरपता.

"मास्तर, दसऱ्याले नागपुरात दीक्षा घेतली मी. खोटं बोलाचं नाई, असं वचन देलं. तवापासून थे गानी मनात सलून राह्यली. वही काढा. माह्यं नाव खोडून देतो."

अण्णाजींनी मान खाली घातली. दोन साक्षीदारांनी ऐकले, म्हणजे मी मागितले त्याच्या दुप्पट झाले. आता ती माझ्यापुढे हात करून टाक मागते आहे. माझे शब्द आणि तिचे नाव, असे एकेचाळीस ठिकाणी आम्ही दोघे एकत्र आहोत, ते तेवढ्याच ठिकाणी. टाक माझ्या हातात आहे, आणि मला तो देववत नाही.