तेल जास्त झालं

सर, काल बुलढाण्याच्या सभेत मी पुन्हा तुमच्या डब्याची गोष्ट सांगितली. लोखंड आणि तांबं वितळवून नीट एकजीव होत नाहीत. पण दोन्हींची पूड पोलादी गोळ्यांसोबत बंद डब्यात घालून तो डबा विजेच्या मोटारीवर जोरानं हादरवत ठेवला, की कण चेपतात, फुटतात, फुटलेल्या ताज्या अंगानं एकमेकांना धरतात, पुन्हा फुटतात, आणि शेवटी विस्तवाशिवाय एकच धातू होतो. समाजही असाच घडेल, म्हणून मी गरजलो. टाळ्या पडल्या.

पहिली खेप फसली होती, ते मी सभेत सांगत नाही. पूड गोळ्यांना चिकटून बसू नये म्हणून त्यात थेंबभर तेल घालायचं असतं. तुम्ही भीतीपोटी जास्त ओतलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत डबा उघडून मी चुंबक फिरवलं, तर लोखंड वर आलं आणि तांबं खाली तसंच लाल. मी म्हणालो, "सर, तेल जास्त झालं. कणाले कण लागूच देत नाही." तुम्ही चिडलात. "आता तू मले शिकवतं काय बे?" पण दुसऱ्या खेपेला तेल कमी घातलंत, आणि चुंबकामागे सगळी पूड एका रंगाची उठली.

त्या आनंदात तुम्ही आम्हा चौघा विद्यार्थ्यांना घरी जेवायला नेता. तिघं आत स्वयंपाकघरात पाटावर बसतात. मी डोणगावच्या बौद्ध वस्तीतला. माझ्यासाठी बाहेरच्या खोलीत टेबल-खुर्ची मांडलेली, वर पंखा चालू. मी विचारतो, "सर, मी आत काऊन नाही?" तुम्ही स्वतःच्या हातानं भाकरी वाढता आणि हसता. "तुले काय पाटावर बसवू? आज तू पाहुणा हायेस माया."

शिवी दिली असतीत तर भांडलो असतो. मी फुटलो असतो, तुम्हीही फुटला असता, आणि काहीतरी धरलं असतं. त्या खुर्चीशी, त्या पंख्याशी कसा भांडू? प्रयोगशाळेत तुम्ही तेल कमी केलंत, सर. घरी नाही केलंत.

तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. घरात आता दुसरेच लोक राहतात, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ताही उरलेला नाही. कबूल एवढंच करतो, की एसटी त्या रस्त्यानं जाते तेव्हा मी अजून खिडकीकडे सरकतो. तुमच्या घरात चूल कोणत्या बाजूला होती, ते मला आजही माहीत नाही.