मागून सांगणारा

पौष शु. १, शुक्रवार. शके १७८६. अकोला.

आजही तेच काम. शुभवर्तमानाची छापील पानं मुंबईहून आली आहेत, ती तपासायची. पाद्रीसाहेब हस्तलिखितातून मोठ्यानं वाचतात, मी छापील पानावर बोट ठेवून ऐकतो. फरक पडला की म्हणायचं, थांबा साहेब. दुपारपर्यंत घसा त्यायचा बसला, डोळे माझे गेले. खिडकीतून कापूस उडून येतो अन् नेमका शाईत पडतो. साऱ्या गावाले कापसाचं येड लागलं आहे. विलायतेत माल मिळत नाही म्हणे, म्हणून आमच्या वावराची ही चैन.

रविवारी बाजारात वाद ठरला. बायबल खरं राहिलं का कुराण. समोर कोण, तर सारं कुराण तोंडपाठ असलेले हाफिजजी! साहेबानं विचारलं, "ओळखता त्यांना?" म्हटलं, हो, थोडे. थोडे! बाप दर्ग्यात फुलं द्यायले जाय, तेव्हा मी याच माणसाच्या अंगणात बसून अलिफ-बे शिकलो. निजामाच्या अमलात फारशी आल्याशिवाय कोणी विचारत नव्हतं. ते अक्षर नसतं तर मी मुन्शी कायचा होतो, आजही झेंडूच विकत असतो.

पौष शु. ३, रविवार.

झाला वाद. होऊ नये तो झाला.

पारावर साहेब, समोर हाफिजजी, खाली गाडीवान अन् सरकी काढणारे, पाय ठेवाले जागा नाही. साहेबाले हिंदुस्थानी येत नाही, हाफिजजीले साहेबाची पोथीतली मराठी कळत नाही. मधात मी. इकडचं तिकडं सांगायचं, साऱ्या बाजाराले ऐकू जाईल असं.

साहेब म्हणे, आमच्या जुन्या प्रती देशोदेशी आहेत, ताडून पाहा. फरक सापडले ते आम्ही झाकत नाही, समासात लिहितो. तुमच्या तिसऱ्या खलिफानं बाकीच्या प्रती जाळल्या, आता ताडणार कशाशी?

हाफिजजी म्हणे, जाळल्या म्हणून तर इथून पार तुर्कायच्या रूमपर्यंत एकच पाठ. तुमची इंजील, म्हणजे शुभवर्तमान, एक अन् सांगणारे चार. आमची किताब कागदावर नाही, छातीत आहे.

मले दोघायचंही पटत होतं. जो बोले त्याचं पटे. आपण बापा माळ्याचे, आपले देव वेगळे, आपल्याले काय करायचं, असं मनात म्हणत उभा होतो.

मंग हाफिजजीनं झोळीतून दोन पुस्तकं काढली, कोणाकडून तरी वाचवून खुणा केलेली. आमचंच मराठी शुभवर्तमान, पहिला छाप अन् नवा छाप. "पहले लिखे रोटी. अब लिखे भाकर. कल क्या लिखोगे?" बाजार असा हसला! ते भाकर मी घातलं होतं. साहेबाले मीच सांगितलं होतं की इकडचा माणूस ज्वारीची भाकर खातो, रोटी म्हटलं की त्याले लग्नाची पंगत आठवते. साहेबानं मोठ्या मनानं बदललं. अन् ते हाफिजजीनं माझ्याच तोंडून भर बाजारात सांगायले लावलं. कान तापले माझे.

साहेब शांतच. म्हणाले, तो तर्जुमा आहे, मूळ नव्हे. मूळ जागच्या जागी आहे. पण तुमचं छातीतलं ऐकवा तरी.

हाफिजजी पढायले लागले. काय तो आवाज. गाडीवानही गप्प. अन् एका जागी थांबले. डोळे मिटलेले, ओठ हलून राहिले, शब्द नाही. मागून यासीननं, त्यायच्या पुतण्यानं, दोन शब्द दिले. ते पुढं निघाले.

साहेबानं विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "विसरले. मागच्यानं सांगितलं."

एवढंच. एवढंच म्हटलं मी. खोटं त्यात काहीच नाही. पण ते पढतात तेव्हा मागं एक ऐकणारा ठेवायचीच त्यायची रीत आहे, अडकले की त्यानं सांगायचं, हे मले लहानपणापासून ठाऊक आहे. ते गिळलं. भाकरीचा राग होता, दुसरं काही नाही.

बाजार दुसऱ्यांदा हसला. या वेळी त्यायले.

पौष शु. ४.

साहेब खुश. मुंबईच्या मंडळीले कागद लिहिला: ज्या ग्रंथाचा आधार माणसाची आठवण, तो माणूस चारचौघांत विसरला. पाकीट बंद करताना विचारलं, "मुन्शीजी, असंच झालं ना?" मान हलवली. हलली ती.

पौष शु. ८.

बायको, यमुना, नदीवरून आली ते फणकाऱ्यातच. धुणं आपटलं.

"काहो, तुमी काय म्हणून आले बाजारात? पोट्टे त्या म्हाताऱ्यामांगं 'विसरले, विसरले' करत फिरून रायले."

म्हटलं, मी खोटं नाही बोललो.

"मी कुठी म्हणतो खोटं बोलले? आपल्या ठकीले ताप होता तवा कोन पानी फुंकून देत होतं? तवा नाई विसरला तो मानूस."

ठकीले साहेबाच्या कडू पुड्यांनीही गुण आला होता, हे म्हणणार होतो. पण तिच्यासमोर वकिली चालत नाही.

पौष शु. १०.

आज खरी गोष्ट कळली अन् अन्न गोड लागलं नाही. रमजानात रात्रीच्या नमाजात सारं कुराण पढायचं काम मी कळता झालो तेव्हापासून हाफिजजीचं. यंदा मशिदीतले लोक म्हणून राहिले, नको, म्हाताऱ्याचं हसं झालं, अमरावतीहून दुसरा हाफिज आणू. यासीन चिडला, चुलत्याशी भांडला अन् कापसाच्या गाड्यायसंगं निघून गेला. मागं बसायले दुसरा कोणी नाही. ज्याले चार अक्षरं येतात तो सरकीच्या कारखान्यात गेला.

हे सारं माझ्या दोन वाक्यांनी. मी काही मोठा माणूस नाही, पण दुभाष्याचं तोंड ही काय चीज आहे ते आज समजलं.

संक्रांत.

यमुनेनं तिळगुळाची पुडी बांधून दिली, म्हणे जा देऊन या. त्यायच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. गोड बोला म्हणायले तोंड कुठून आणू? वाटेत भेटलेल्या म्हशीवाल्याले पुडी देऊन परत आलो. घरी सांगितलं, दिली. हे मात्र पक्कं खोटं.

पौष व. २.

तपासणी. साहेब वाचता वाचता एक ओळ गाळून पुढं गेले. डोळा चुकला. मी म्हटलं, थांबा साहेब, ओळ राहिली. "अरे हो," म्हणाले, मागं आले, वाचलं, पुढं गेले.

अन् माझं बोट पानावरच थांबलं. आमी तरी दुसरं काय करून राहिलो? एक वाचतो, एक ऐकतो, चुकलं की सांगतो. महिनाभर हेच चाललं आहे या खोलीत. साहेब विसरले असं कोणी म्हटलं नाही.

पान बाजूले ठेवलं अन् सांगून टाकलं. साहेब, त्यायच्यातही असंच असते. मागचा माणूस त्यासाठीच बसवतात. अडकणं ही फजिती नाही.

साहेबानं हस्तलिखित मिटून ठेवलं. मंग म्हणाले, "हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

होतं.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

भाकरीमुळं, असं कसं म्हणू? म्हटलं, चूक झाली.

रागावले नाहीत. रागावते तर बरं होतं. म्हणाले, "कागद गेला, त्यामागून दुसरा मी आज पाठवतो. माझं मत बदललेलं नाही, मुन्शीजी. मला अजूनही आमचाच ग्रंथ खरा वाटतो. पण अशा रीतीनं जिंकायचा नाही मला. अमरावतीला पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. तिथं हे लोकांपुढं सांगायचं, आणि ते तुम्हीच."

सांगेन म्हटलं. घरी येईपर्यंत एकच विचार. जो दुभाषी म्हणतो की मी अर्धंच सांगितलं होतं, त्याले उद्या कोण उभं करेल? ना साहेबाचा राहीन ना बाजाराचा.

पौष व. ४.

आज गेलो शेवटी. यमुनेनं जवळजवळ ढकललंच.

हाफिजजी अंगणात उन्हात बसले होते. भिंतीकडं तोंड करून पढून राहिले, एकटेच. मले पाहून थांबले नाहीत. तो भाग संपवला, मंग म्हणाले, "आ गणू. बैठ. दुबला हो गया."

पाय धरायले वाकलो तर पाय मागं घेतले. म्हटलं, हाफिजजी, मी त्या दिवशी...

"भूला था मैं. सच्ची भूला था. उमर हो गई. उसमें तेरी क्या खता?" मंग माझ्याकडं पाहून म्हणाले, "पर तेरेकू मालूम था ना रे, मेरे भूलने से किताब नई भूलती? वो काहेकू नई बोला?"

मी रडलो. माळ्याचं पोर, वयात आलेल्या लेकीचा बाप, त्या अंगणात बसून रडलो. त्यायनं रडू दिलं.

निघताना म्हणाले, "कल आ. हाथ-मुँह धो के आ. मेरे पीछे बैठनेवाला कोई नई. हरफ तो तेरेकू मैंच सिखाया."

पौष व. ५.

आंघोळ करून गेलो. मनात भीती, त्या किताबेले आपण शिवावं का नाही. त्यायनंच सोडवलं. किताब घडवंचीवर माझ्याकडं तोंड करून उघडली, पानं स्वतः उलटली. न पाहता उलटतात, पान कुठं संपते ते जिभेले माहीत.

अर्थ मले कळत नाही, पण अक्षर ओळखतो. डोळ्यानं मागं मागं धावत होतो. पुष्कळ वेळ काही नाही. मंग अडकले. नेमके तिथंच, बाजारात अडकले होते त्याच जागी.

पुढचे शब्द माझ्या डोळ्यासमोर. कसेबसे पुटपुटलो.

"जोर से बोल," म्हणाले. "उस दिन तो सारे बाजार कू सुनाया था."

बोललो. जोरानं बोललो. ते पुढं निघाले, जसं काही झालंच नाही. घरी जाताना हाती बोरं दिली ठकीसाठी.

पौष व. ८.

रोज जातो. दिवसा साहेबाकडं बोट ठेवून ऐकायचं, तिसऱ्या प्रहरी हाफिजजीकडं बोट न लावता ऐकायचं. कोणाचा ग्रंथ खरा हे मले अजूनही सांगता येत नाही. एवढं दिसते की दोन्हीकडं एकट्या माणसावर कोणी भरवसा ठेवला नाही. हे साहेबाले म्हटलं तर ते म्हणाले, ताडायला प्रती हव्यातच. हाफिजजीले म्हटलं तर म्हणाले, प्रती काय करतो, सीना चाहिये, छाती. दोघंही हट्टी. हसू आलं, पुष्कळ दिवसांनी.

सभेचं सांगितलं त्यायले. म्हटलं, मी तिथं खरं सांगणार आहे.

"मैं भी आता," म्हणाले. "बोल के क्या होता? पढ़ूँगा. वोइच जगा पढ़ूँगा."

अन् अडकले तर?

"तू है ना पीछे."

मी? साहेबाचा मुन्शी, माळी, भर सभेत? मशिदीतले लोक काय म्हणतील, ज्या हाफिजाले ते बोलावून राहिले तोही तिथंच बसलेला असणार. हाफिजजी म्हणे, "नमाज थोड़ीच है. पढ़ना है. जिसकू आता वो बोले."

पौष व. १०, रविवार. अमरावती.

साहेब टांग्यानं आले. आमी दोघं कापसाच्या गाडीवर. हाफिजजी गठ्ठ्यावर बसून वाटभर पढत आले, गाडीवान बैल हाकायचं विसरला. त्याले मात्र कोणी हसलं नाही.

गाडीपाशी बसून हे लिहितो, समोर सभा दिसून राहिली. गर्दी अकोल्यापेक्षा मोठी. अमरावतीचा हाफिज पुढंच बसला आहे, तरणाबांड, आवाजही ऐकला, चांगला आहे. वाटेत हाफिजजी त्या जागी दोनदा अडकले. मी दोनदा सांगितलं. त्यायनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली अन् म्हणाले, घबरा मत. भ्यायचं कोणी, त्यायनं का मी!

साहेबानं आपल्या उजव्या हाताले माझी जागा दाखवली आहे. हाफिजजीनं आपल्या मागं सतरंजीचा कोपरा उलगडून ठेवला आहे. दोघंही माझ्याकडं पाहून राहिले. यमुनेनं निघताना पुन्हा तिळगूळ बांधून दिला, म्हणे या वेळी खरंच द्या.

पुडी अजून खिशातच आहे. हाफिजजी उठले. त्यायले देऊन येतो, मंग आधी साहेबाजवळून खरं सांगतो, अन् जाऊन त्यायच्या मागं बसतो.